शेतावरून थेट ताटात, मिथेनचे काय?

अमेरिकेत काही घरांत दर महिन्याला मांसाचा खोका येतो. सुपरमार्केटमधून नव्हे, ओळखीच्या शेतावरून. आगाऊ पैसे भरून वर्गणीदार व्हायचे आणि शेतकरी देईल ते शिजवायचे. भाजीपाल्यासाठी ही पद्धत १९८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधील दोन शेतांवर रुजली. पुढे अंडी, कोंबड्या आणि गोमांसही खोक्यात आले. शेत जवळ म्हणजे प्रदूषण कमी, अशी अनेक वर्गणीदारांची ठाम समजूत असते.

हिशेब मात्र तसा लागत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील वेबर आणि मॅथ्यूज यांनी २००८ मध्ये अमेरिकी घरांच्या अन्नामागे किती हरितगृह वायू सुटतात ते मोजले. ८३ टक्के वाटा उत्पादनाचा निघाला. सगळी वाहतूक धरून ११ टक्के, त्यातही उत्पादकापासून दुकानापर्यंतचा टप्पा जेमतेम ४ टक्के. ट्रक वाचवून फारसे हाती लागत नाही. गुरांच्या पोटात काय चालले आहे ते पाहावे लागते.

गुरे गवत पचवतात ती जठराच्या पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर. तिथे तंतू आंबताना हायड्रोजन सुटतो, आर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात आणि तो बहुतांशी ढेकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक. मक्यावर पोसलेले जनावर दीड वर्षाच्या आसपास कत्तलीच्या वजनाला येते. निव्वळ गवतावरच्याला दोन वर्षे किंवा जास्तही लागतात. तितके महिने जास्त ढेकर! गवतावरच्या मांसामागे किलोला जास्त मिथेन सुटतो, ही गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. ओमेगा-३ मात्र असते. ते या मांसात थोडे जास्त असते हे खरे, पण तेवढ्यासाठी बांगडा खाल्लेला बरा.

कुरणाची खरी बाजू मातीत आहे. जॉर्जियातील ब्लफ्टनचे विल हॅरिस यांनी १९९५ पासून आपले ‘व्हाइट ओक पास्चर्स’ हे वडिलोपार्जित शेत फिरत्या चराईकडे वळवले. गुरे एक पट्टा चरून पुढे सरकतात, त्यांच्या मागून शेळ्यामेंढ्या आणि कोंबड्या येतात. कोंबड्या शेण उकरून अळ्या टिपतात, त्यात शेणही पसरले जाते. गवताला उसंत मिळते आणि मुळांवाटे कार्बन मातीत उतरतो. जेसन रौनट्री आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधील अभ्यासात, मातीत साठलेला कार्बन वजा केल्यावर या शेताचे निव्वळ उत्सर्जन रूढ पद्धतीपेक्षा ६६ टक्के कमी भरले. पण तेवढ्याच मांसासाठी जमीन लागली अडीच पट. शिवाय ही आधी कस गेलेली जमीन होती. अशी माती कार्बन भराभर घेते. काही दशकांत तिचे पोट भरते, ढेकर मात्र चालूच राहतात.

मग वर्गणीने साधते काय? सरकारी तपासणी नसलेल्या कत्तलखान्यातले मांस अमेरिकेत किलोवर विकता येत नाही, म्हणून कित्येक शेतकरी जिवंत जनावराचाच पाव किंवा अर्धा हिस्सा आधी विकतात. आपल्याकडे गावात बोकड कापून वाटे घालतात, तसेच हे. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, एखादी नळी, थोडी चरबी. कुणाला नुसती मांडी मिळत नाही. ६०० किलोच्या जनावराचे सोललेले धड साधारण साडेतीनशे किलो भरते आणि हाडे-चरबी काढून घरी जाते सव्वादोनशेच्या आसपास. त्यात सर्वांना हवे असलेले कमरेचे मऊ मांस तीन-चार किलो, खिमा मात्र ढीगभर. मोठे कारखाने नको असलेले भाग जगभर खपवतात. छोट्या शेतकऱ्याला ती सोय नसते. त्याला खिमा आणि हाडे आनंदाने नेणारी घरे लागतात. वर्गणीचे मोल माझ्या मते इथे आहे. हवामानाच्या नावाने ती विकू नये.

खोका घेणाऱ्याने शेत किती मैलांवर आहे हे विचारण्याऐवजी जनावरे कशावर आणि किती महिने वाढवली, कुरणाला विश्रांती किती, हे विचारावे. आणि वेबर-मॅथ्यूज यांचा आणखी एक निष्कर्ष लक्षात ठेवावा: आठवड्यातल्या एका दिवसाहूनही कमी उष्मांकांपुरते लाल मांस आणि दूध सोडून कोंबडी, मासे, अंडी किंवा भाजी घेतली, तर सगळे अन्न जवळून विकत घेण्यापेक्षा उत्सर्जन जास्त घटते.