विश्लेषण : फ्लूचा विषाणू पेशीच्याच मालावर स्वतःच्या नकला कशा काढतो?

पावसाळ्यात मीरा-भाईंदरमधील पेणकरपाड्यासारख्या दाट वस्तीत एका घरातला ताप-खोकला शेजारच्या घरात पोहोचायला वेळ लागत नाही. भारतात फ्लूचे रुग्ण साधारणपणे दोनदा वाढतात : जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात. ‘ताप आल्यावर लवकर या’ असे डॉक्टर का सांगतात आणि लस दरवर्षी का बदलते, याची उत्तरे या विषाणूच्या नकला काढण्याच्या पद्धतीत आहेत.

विषाणूत नेमके असते काय?

फ्लू ‘ए’ विषाणूची जनुकीय माहिती आरएनएच्या आठ तुकड्यांत असते. ती सारी मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरांची; माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. शिवाय हा आरएनए रबरी शिक्क्यासारखा उलटा असतो. शिक्का कागदावर उमटल्याशिवाय वाचता येत नाही, तसाच हा आरएनए पेशीला थेट वाचता येत नाही. त्यामुळे विषाणू नकला काढणारे यंत्र सोबतच आणतो. ‘पॉलिमरेज’ नावाच्या या यंत्राचे पीबी१, पीबी२ आणि पीए असे तीन भाग असतात.

‘टोपी’ची चोरी कशी होते?

पेशीच्या प्रत्येक संदेशाच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. ती असली तरच पेशी त्या संदेशानुसार प्रथिने बनवते. फ्लूच्या विषाणूला टोपी बनवता येत नाही. तो पेशीच्या केंद्रकात शिरतो. तिथे पीबी२ पेशीच्या संदेशाची टोपी पकडतो, पीए ती १० ते १३ अक्षरांसह कापतो आणि पीबी१ तिच्यापुढे विषाणूचा मजकूर जोडतो. फसलेली पेशी मग विषाणूची प्रथिने बनवू लागते. या चोरीला ‘कॅप स्नॅचिंग’ म्हणतात.

नवा विषाणू कसा तयार होतो?

त्यासाठी संदेश पुरत नाही, मूळ आरएनएची पूर्ण नक्कल लागते. यंत्र आधी शिक्क्याचा पूर्ण ठसा काढते आणि त्या ठशावरून नवे शिक्के घडवते. या कामात टोपी लागत नाही, पण पेशीतील ‘एएनपी३२’ या प्रथिनाची मदत लागते.

लस दरवर्षी का बदलते?

नक्कल तपासून चूक सुधारण्याची सोय या यंत्रात नाही. त्यामुळे विषाणू सतत थोडाथोडा बदलतो आणि जुनी प्रतिकारशक्ती अपुरी पडते. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर आठ तुकड्यांची अदलाबदलही होते. २००९चा ‘स्वाइन फ्लू’ असाच जन्मला. त्यात डुक्कर, पक्षी आणि माणूस यांच्या विषाणूंतील तुकडे होते. त्याचा देशातील पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला.

औषधे कुठे घाव घालतात?

ओसेल्टामिविर नकला थांबवत नाही. तयार विषाणूंना पेशीबाहेर पसरण्यापासून अडवते. म्हणून लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत ते सुरू केल्यास अधिक उपयोग होतो. २०१८ मध्ये जपानमध्ये मंजूर झालेले बॅलोक्साविर थेट पीएची कात्री बोथट करते. करोनाकाळात महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालेले फॅविपिराविरही मुळात फ्लूच्या याच यंत्रासाठी शोधले गेले होते. प्रतिजैविके मात्र जिवाणूंवर चालतात; विषाणूच्या या यंत्रावर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

धोका कोणाला?

गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना. त्यांनी ताप-खोकला अंगावर काढू नये. धाप लागत असेल, तर कोणीही थांबू नये. विषाणूची छपाई रात्रभर सुरूच असते. उशीर झाला तर तो त्याच्याच पथ्यावर पडतो.