वैशाखातील बाग आणि यतनेचा रोजमेळ

वैशाख शुद्ध तृतीयेला वर्षीतपाचे पारणे होते आणि भगवान ऋषभदेवांचे स्मरण केले जाते. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे त्यांनीच मानवाला शिकविली, अशी परंपरा आहे. व्यापारी घराण्यांत वाणिज्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले. कृषी मात्र बहुधा गच्चीवरील कुंड्यांपुरतीच उरली. तथापि वसंताच्या उत्तरार्धात ऊन तापू लागले की या कुंड्याही श्रावकासमोर एक खरा प्रश्न उभा करतात. कीड मारल्याशिवाय झाड वाचत नसेल, तर अहिंसेचे काय?

अनेक घरांत यावर निंबोळी तेलाची बाटली हे उत्तर मानले जाते. ‘वनस्पतिजन्य म्हणजे अहिंसक’ हा समज मात्र खरा नाही. निंबोळीतील घटकांमुळे किडीचे खाणे मंदावते, तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि ती हळूहळू मरते. साबणाच्या पाण्याने मऊ अंगाची कीड दगावते. पिवळ्या चिकट सापळ्यात तर निरुपद्रवी जीवही अडकून प्राण सोडतात. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे श्रावकाचार मान्य करतो. परंतु त्याबरोबरच तो यतनाही सांगतो. बागेत यतना म्हणजे कीड वाढूच नये अशी व्यवस्था आणि वेळेवर घातलेली नजर.

या दिवसांत पहिली नजर पानांच्या खालच्या बाजूस हवी. पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली नाजूक जाळी दिसली, तर तो लाल कोळी होय. कोरड्या उष्ण हवेत त्याची एक पिढी साधारण आठवड्याभरात पूर्ण होते. सुरुवातीपासूनच सकाळी पानांखालून पाण्याचा हलका शिडकावा ठेवल्यास दमट हवेत तो फारसा वाढत नाही.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पुंजका दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. त्याची एक मादी काही शे अंडी घालते. म्हणून पहिल्या आठवड्यात दिसलेली एक मादी आणि तिसऱ्या आठवड्यात दिसलेली शेकडो पिल्ले, यांत मुद्दल आणि थकलेले व्याज यांच्याइतके अंतर असते. ती एक मादी पूंजणीसारख्या मऊ कुंचल्याने उचलून दूर सावलीत ठेवता येते. तेथे ती जगेलच असे नाही. परंतु शेकडोंवर फवारा मारण्याची वेळ टळते. खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण असण्याचा संभव असतो. त्यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्यांचे रक्षणही करतात.

उरलेली कामे प्रतिबंधाचीच आहेत. पाणी सकाळी लवकर द्यावे. कोवळ्या रोपांवर दुपारी शेडनेटची सावली आणि मातीवर वाळक्या पानांचे आच्छादन असावे. माती वरवरच व हलक्या हाताने मोकळी करावी. खोल खुरपल्याने गांडुळांना इजा होते. नत्रयुक्त खताचा मारा टाळावा, कारण लुसलुशीत फुटव्यांवर मावा लवकर येतो. शेणखत पूर्ण कुजलेलेच घालावे. वळवाच्या सरींनंतर हुमणीचे भुंगे बाहेर पडून मातीत अंडी घालतात आणि कच्च्या शेणखतात त्यांच्या अळ्या पोसल्या जातात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डासांची उत्पत्तीच झाली नाही, तर पुढे धूर करण्याचा प्रसंग येत नाही.

काही वेळा तोटा सोसणे हाच मार्ग असतो. कागदी लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि पुढे कोषातून फुलपाखरू होऊन उडून जाते. जोमदार झाडाला थोड्या पानांचा हा खर्च सहज पेलतो. नव्या पालवीने तो भरून निघतो.

मे महिन्याच्या सुट्टीत कुटुंबे गावी वा यात्रेला जातात आणि बहुतेक झाडे त्याच पंधरवड्यात कोमेजतात किंवा किडीने वेढली जातात. निघण्यापूर्वी कुंड्या सावलीत एकत्र ठेवून शेजाऱ्यांकडे केवळ पाणी घालण्याचे नव्हे, तर पाने उलटून पाहण्याचेही काम सोपवावे.

अखेरीस प्रश्न संख्येचा उरतो. पंधरा कुंड्यांची पाने आठवड्यातून दोनदा पाहणे शक्य असेल, तर सोळावी कुंडी आणू नये. परिग्रहाचे परिमाण तिजोरीइतकेच गच्चीलाही लागू पडते. ज्या पेढीवर रोजमेळ रोज जुळतो, तेथे वर्षअखेरीस धावपळ होत नाही. ज्या बागेत पान वेळेवर उलटले जाते, तेथे फवाऱ्याची बाटली बहुधा कपाटातच राहते.