गारठ्यातला सॉफ्टबॉल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिकागोत मार्च उजाडला की कॅलेंडरवर वसंत येतो, मैदानावर मात्र येत नाही. दुपारी पारा कसाबसा 8-9 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि सूर्य कलला की भराभर खाली येतो. सॉफ्टबॉलचा हंगाम मात्र याच दिवसांत सुरू होतो. आमच्या उपनगरातल्या 12 वर्षांखालच्या मुलींचा सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी असतो आणि मैदानाच्या कडेला आम्ही आईबाप ब्लँकेटं गुंडाळून बसतो. तिथे गप्पा रंगतात आणि गैरसमजही तिथेच पिकतात. नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला की त्यांत आणखी भर पडते.

गेल्या वर्षीची एक संध्याकाळ मनातून जात नाही. 4 अंश तापमान आणि झोंबणारा वारा. दीड तासाचा सराव आटोपून लेक माझ्याकडे आली आणि पाठ करून उभी राहिली. "आई, हा पट्टा काढ ना." फेसमास्कचा डोक्यामागचा पट्टा तिच्या बोटांनी सुटेना. बोटं लालबुंद झाली होती आणि नीट वळतही नव्हती. ती त्या दिवशी उजव्या आउटफील्डला होती, म्हणजे दीड तासात तिच्याकडे जेमतेम पाच-सहा चेंडू गेले असतील. बाकी सगळा वेळ ती नुसती उभी होती. मैदानभर पळणाऱ्या मुली घामाघूम होत्या आणि ही काकडून गेली होती. तापमान दोघींना सारखंच होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की सरावाचा घात थंडी करत नाही, थंडीत नुसतं उभं राहणं करतं.

आधी माझ्या आईचा मुद्दा घेते, कारण तो घराघरांत ऐकू येतो: "अगं, एवढ्या गारठ्यात पोरीला मैदानावर पाठवतेस, सर्दी होईल ना!" सर्दी विषाणूमुळे होते. विषाणूच नसेल, तर कितीही गार वाऱ्यात खेळून सर्दी होत नाही. हिवाळ्यात ती फैलावते याचं एक मोठं कारण म्हणजे आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसतो. त्या मानाने उघडं मैदान बरंच. पण आईच्या काळजीत एक खरा धागा आहे. काही मुलींना थंड, कोरड्या हवेत पळल्यावर खोकला लागतो, छाती आवळल्यासारखी होते. ती सर्दी नसते, श्वासनलिका आकसलेल्या असतात. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर काढ्यावर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावं.

कानटोपीचीही एक कथा आहे. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे वाक्य इथले प्रशिक्षकही ठामपणे सांगतात. 1970च्या सुमाराच्या अमेरिकी लष्कराच्या एका पुस्तिकेत 40 ते 45 टक्के असा आकडा होता आणि तो पुढे सगळीकडे पसरला. 2008 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा समज खोडून काढला गेला. मोठ्या माणसाच्या डोक्याचा वाटा एकूण त्वचेत 10 टक्क्यांच्या आतच असतो आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. कानटोपी घालावीच, कान गारठतात. पण डोकं झाकलं आणि खाली घामाने भिजलेला सुती हूडी तसाच राहिला, तर त्या टोपीचा फारसा उपयोग नाही.

कारण खरा वैरी ओलावा आहे. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. मुलगी पळते तोवर ते जाणवत नाही, थांबली की तेच कापड अंगावर गार फडक्यासारखं चिकटतं. म्हणून एकच जाडजूड जॅकेट चढवण्यापेक्षा आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, मध्ये लोकर किंवा फ्लीस आणि वर वारा अडवणारं हलकं जॅकेट, असे तीन थर बरे. धावायची पाळी आली की एक काढायचा, उभं राहायची आली की चढवायचा. कोरडा सदरा आणि मोज्यांचा एक जोड पिशवीत हवाच.

वाऱ्याबद्दल दोन्ही टोकांचं बोललं जातं. 4 अंश तापमान असताना ताशी 32 किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला उणे 1 अंशासारखं वाटतं. हे 'वाटणं' म्हणजे उष्णता किती वेगाने जाते याचं माप असतं. हवेचं तापमान शून्याच्या वर असेल तर कातडी गोठून हिमदंश होत नाही, पण बोटं बधिर मात्र लवकर होतात. आणि मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती लवकर गार पडतात. "मला तर एवढी थंडी वाजत नाही" असं ब्लँकेटमधून म्हणणाऱ्या बापाने हे ध्यानात ठेवावं.

आता या खेळातला सगळ्यात जुना गैरसमज: सॉफ्टबॉल मऊ असतो. मोठ्या वयोगटांत आणि 12 वर्षांखालच्या गटातही वापरला जाणारा 12 इंच घेराचा चेंडू साधारण 178 ते 198 ग्रॅम भरतो. क्रिकेटचा चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे हा त्याहून जड. आत पॉलियुरेथेनचा गाभा असतो आणि तो थंडीत आणखी टणक होतो. त्यामुळे मार्चमध्ये झेलायच्या हातमोज्यातला तळहात जूनपेक्षा जास्त झिणझिणतो. मुलगी कुरकुरते ती नाजूक आहे म्हणून नव्हे, चेंडू खरोखरच कडक झालेला असतो.

बॅटीचं तर विचारूच नका. कार्बनचे धागे राळेत बसवून केलेली कंपोझिट बॅट 300-400 डॉलरला मिळते आणि "महाग आहे म्हणजे टिकणारच" असं वाटून लोक ती बाराही महिने वापरतात. थंडीत ही राळ ठिसूळ होते आणि समोरून येतो तो टणक झालेला चेंडू. उन्हाळ्यात जो मार चेंडू दबून थोडा स्वतःत जिरवतो, तो बॅटीच्या भिंतीवर येतो. आमच्याच संघातल्या एका मुलीची नवी बॅट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेली. आधी आवाज बदलला, टणटणीत नाद जाऊन भद्द असा आला. मग रंगाखाली केसाएवढी रेघ दिसली. बोट फिरवलं तर ती लागत होती. साधारण 13 ते 16 अंशांच्या खाली कंपोझिट बॅट वापरू नका, असं बनवणारेच सांगतात. सरावाला जुनी ॲल्युमिनियमची बॅट काढावी, तिला पोचा पडेल पण ती सहसा अशी तडकत नाही. गाडीच्या हीटरसमोर बॅट तापवायची युक्तीही ऐकू येते. बाहेर आणली की ती पुन्हा गार होते आणि इथल्या शालेय सामन्यांच्या नियमांत तर बॅट तापवायची साधनं चालतच नाहीत.

मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलींची. "खांद्याखालून टाकायचा चेंडू, त्याने हाताला काय होणार?" हे वाक्य मी अनुभवी लोकांकडूनही ऐकलंय आणि त्याच समजापायी एकेक मुलगी एका संध्याकाळी शंभरावर चेंडू टाकते. विंडमिल पद्धतीत हात पूर्ण गोल फिरतो आणि चेंडू सुटण्याच्या सुमारास खांद्याला बाहेर ओढणारा जोर शरीराच्या वजनाच्या जवळपास जातो. बेसबॉलच्या वरून टाकणाऱ्या पिचरच्या खांद्यावर येणाऱ्या ताणाशी त्याची तुलना होते. थंडीत स्नायू हळू आकुंचन पावतात, मज्जातंतूंतले संदेशही मंदावतात. त्यात पिचरला चेंडू टाकायच्या हातात हातमोजा घालता येत नाही. बधिर बोटांतून चेंडूची पकड सुटली की मुलगी तोच वेग खांद्याच्या जोरावर काढू पाहते आणि दुखणं तिथून सुरू होतं.

उपाय साधा आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. उभ्याने अंग ताणून अर्धा मिनिट तसंच धरायचं, याला इथे अजूनही 'वॉर्मअप' म्हणतात. गार स्नायू नुसते ताणून गरम होत नाहीत. आधी हलकं धावणं, गुडघे उचलणं, हात गोल फिरवणं, अंगाला किंचित घाम येईपर्यंत. मग जवळून सावकाश चेंडू, मग पूर्ण अंतर. फलंदाजीची पाळी लांबली आणि पिचर दहा मिनिटं बाकावर बसली, तर पुन्हा थोडं पहिल्यापासून. मधल्या वेळात तिने जॅकेट चढवावं आणि टाकायचा हात खिशात, हँड वॉर्मरच्या पुडीजवळ ठेवावा.

पाण्याबद्दल थोडक्यात. थंडीत तहान कमी लागते, गरज तेवढी कमी होत नाही. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून रक्त आत सरकतं, लघवी वाढते, शिवाय श्वासावाटे वाफ जाते. बाटली बर्फगार असेल तर मुली तोंड लावत नाहीत. कोमट पाण्याचा थर्मास न्यावा.

आणि शेवटचा समज, जिममधला सराव हा खरा सराव नव्हे. तसं म्हणणाऱ्यांना मी 1887चा थँक्सगिव्हिंगचा दिवस सांगते. याच शिकागोत, फॅरागट बोट क्लबच्या जिममध्ये येल-हार्वर्ड फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत तरुण जमले होते. निकाल आल्यावर एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला, त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक या पत्रकाराने तो मोजा बांधून त्याचा चेंडू केला, जमिनीवर खडूने रेघा आखल्या आणि खेळ सुरू झाला. पुढची कित्येक वर्षं त्याला इनडोअर बेसबॉल म्हणत, सॉफ्टबॉल हे नाव 1926 साली सुचवलं गेलं. हा खेळच मुळी नोव्हेंबरमध्ये छपराखाली जन्मला. वारा फार असेल त्या दिवशी जिममध्ये प्लॅस्टिकच्या चेंडूंनी केलेली तासाभराची फलंदाजी वाया जात नाही.

मैदानावरच जायचं असेल तर प्रशिक्षकांना एक विनंती करा: मोठ्या रांगा नकोत, तीन-तीन मुलींचे गट करा, दर दहा मिनिटांनी जागा बदला, दीड तासाचा सराव तासाभरात उरका. मधूनच प्रत्येकीला अंगठा करंगळीला टेकवायला सांगा. टेकत नसेल तर हात गार पडलेत, तिला आत न्या. दात कडकडा वाजू लागले, पाऊल अडखळू लागलं, शब्द बोबडे येऊ लागले तर सराव थांबवा. पोरगी "हात चालत नाहीत" म्हणाली, तर तिचं ऐका. आणि बॅट या क्षणी गाडीच्या डिकीत पडली असेल, तर आज रात्री ती घरात आणून ठेवा.