मनगटाची जादू, खांद्याचा जोर

सर्व्हिस दणकेबाज असली की टेनिसमधली निम्मी लढाई जिंकली, असे म्हणतात. गवताच्या कोर्टवर तर हे अधिकच खरे. तिथे चेंडू टप्पा पडल्यावर फारसा उसळत नाही, सरपटत अंगावर येतो. परतवणाऱ्याला नीट वाकायलाही सवड मिळत नाही. कोलकात्याचा साउथ क्लब अशाच हिरवळीसाठी प्रसिद्ध आहे. १९२० साली स्थापन झालेल्या या क्लबच्या हिरवळीवर एक असा सामना झाला, की ज्याची सर्व्हिस मवाळ तोच भारी ठरला!

साठच्या दशकात डेव्हिस चषकात भारताची भिस्त तिघांवर होती. प्रेमजित लाल आणि जयदीप मुखर्जी हे कोलकात्याचे, तर रामनाथन कृष्णन मद्रासकडचा.

प्रेमजितची सर्व्हिस जोरकस. ती मारली की तो लगेच नेटकडे झेपावायचा. सूर लागला तर त्याला आवरणे कठीण. १९६९ च्या विम्बल्डनमध्ये दुसऱ्या फेरीत त्याने चक्क रॉड लेव्हरकडून पहिले दोन सेट ६-३, ६-४ असे काढून घेतले. पुढचे तीन मात्र लेव्हरने ६-३, ६-०, ६-० असे जिंकले. त्याच वर्षी लेव्हरने चारही प्रमुख स्पर्धा खिशात टाकल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन सेटचे मोल कळते. जयदीपचा पिंडही आक्रमणाचाच.

कृष्णनची तऱ्हा निराळी. बांधा काहीसा स्थूल, सर्व्हिस साधी. वडील टी. के. रामनाथन हेच त्याचे गुरू. तो समोरच्याच्या फटक्यातला वेग उसना घ्यायचा. चेंडू टप्पा घेतो न घेतो तोच त्याला हलकेच रॅकेट लावायचा आणि रिकामी जागा शोधायचा. या भांडवलावर त्याने १९६० आणि १९६१ असे लागोपाठ दोनदा विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत धडक मारली. १९६१ मध्ये तर रॉय एमर्सनला त्याने सरळ सेटमध्ये हरवले.

पण या खेळात एक मोठी अडचण असते. अडचणीच्या वेळी सर्व्हिसवर फुकटचा गुण मिळत नाही. प्रत्येक गुण घाम गाळूनच कमवावा लागतो.

१९६६ च्या हिवाळ्यात ब्राझीलविरुद्ध नेमकी हीच वेळ आली. लढत २-२ अशी बरोबरीत. जिंकणारा संघ अंतिम लढतीसाठी मेलबर्नला जाणार. समोर २१ वर्षांचा डावखुरा टॉमाझ कॉख. त्याने दोन सेट घेतले होते, कृष्णनने एक. चौथ्या सेटमध्ये कॉख ५-२ असा पुढे गेला. आता एकच गेम हवा होता!

कृष्णनकडे एकाएकी जोर लावण्यासारखे काही नव्हतेच. जे होते तेच तो खेळत राहिला. त्याने ओळीने पाच गेम घेत तो सेट ७-५ असा जिंकला आणि पाचवा ६-२ असा. भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत पोहोचला.

मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने भारताला ४-१ असे हरवले. भारताचा तो एकमेव विजय दुहेरीतला. कृष्णनचे मनगट आणि जयदीपचा जोर एकत्र आला आणि १९६५ चे विम्बल्डन विजेते न्यूकोम्ब-रोश यांची जोडी चार सेटमध्ये गारद झाली.