एका घोड्याचा व्यापारी

बहमनी सुलतानांच्या फौजेला घोडे लागत आणि दख्खनच्या हवेत त्यांची चांगली पैदास होत नसे. म्हणून होर्मुझहून अरबी-इराणी जनावरं जहाजात भरून चौलला, दाभोळला उतरवली जात. बडे सौदागर कळपच्या कळप आणत. अफानासी निकितिन नावाचा एक रशियन मात्र एकच घोडा घेऊन चौलला उतरला. त्याच्यावर त्याने शंभर रूबल घातले होते, आणि तेवढीच त्याची पुंजी होती.

गडी व्होल्गाकाठच्या त्वेरचा. माल घेऊन नदीतून खाली निघाला, तो आस्त्राखानजवळ तातारांनी लुटला. रिकाम्या हातांनी परतायचं तर देशात देणेकरी वाट बघत बसलेले. मग बाकूवरून इराण, इराणातून होर्मुझ, आणि तिथे कुणी तरी सांगितलं की हिंदुस्थानात घोड्याला सोन्याचा भाव येतो. सहा आठवडे जहाजातून प्रवास करून तो चौलला आला. साल कोणतं? जुने अभ्यासक 1469 म्हणत, सेम्योनोव या संशोधकाने नव्याने हिशेब मांडल्यापासून कल 1471 कडे आहे. घोळ निकितिनमुळेच आहे, कारण लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले आणि त्यासोबत सणावारांची गणितंही. ईस्टर कधी, उपास कधी, हे आकाशातले तारे आणि मुसलमानांचे रोजे बघून तो अंदाजाने ठरवत असे. प्रवासात त्याने जी वही लिहिली, तिच्यात सालाचा आकडा नाहीच.

वास्को द गामाच्या पाव शतकाहून अधिक आधी आलेला युरोपीय, असं त्याच्याबद्दल कौतुकाने सांगितलं जातं. त्यात फारसा दम नाही. निकोलो कोंती हा व्हेनिसचा व्यापारी त्याच्याही आधी दक्षिणेत हिंडून गेला होता. निकितिनचं मोल वेगळं आहे. त्याच्यामागे ना राजा, ना धर्मपीठ, ना नजराणे. रोजचा खर्च बघणाऱ्या माणसाला जे दिसतं ते त्याने टिपलं. एकट्या माणसाला दिवसाला अडीच आल्तिन (जुनं रशियन नाणं) खायला लागतात, आणि त्यात दारू नाही, असं तो कुरकुरतो.

चौलहून पाली आठ दिवस, तिथून उमरी दहा दिवस, पुढे जुन्नर सहा. घाट चढताना काय झालं याबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही. नवल त्याला माणसांचं वाटलं: उघडी अंगं, उघडी डोकी, केसांची एकच वेणी, आणि पोरंच पोरं. त्या लोकांना त्याचं नवल वाटलं असणार ते वेगळंच. गोऱ्या माणसाला बघायला बाया-पुरुष मागे मागे येत, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

जुन्नरला पोचला आणि पाऊस सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. रशियन माणूस, त्याने या काळाला सरळ हिवाळा म्हटलं. घरात अडकून पडायचा काळ तो हिवाळा, हे त्याच्या देशाला धरूनच होतं. फक्त त्याला चक्रावून टाकलं ते याने, की याच हिवाळ्यात लोक नांगरतात आणि पेरतात, भात, गहू, कडधान्य, सगळं. शहराचं वर्णन करताना तो एका खडकाबद्दल सांगतो: माणसाने बांधलेला नाही, देवाने घडवलेला, वर जायला एक दिवस लागतो, वाट इतकी अरुंद की दोघं शेजारून जाऊ शकत नाहीत. शिवनेरी पाहिलेल्या माणसाला दुसरं काही आठवणारच नाही, जरी दिवसभराची चढण ही अतिशयोक्ती असली तरी.

घोड्याच्या चंदीबद्दल त्याने जितक्या आपुलकीने लिहिलंय तितकं स्वतःच्या जेवणाबद्दलही नाही. हरभरे तर होतेच. वर साखर घालून शिजवलेली खिचडी आणि तूप. ज्या मुलुखात खेड्यातली माणसं उघडीनागडी आणि सरदार चांदीच्या पालख्यांतून मिरवतात असं तोच सांगतो, तिथे घोड्याला तूपसाखर! पण गणित सरळ होतं. घोडा खंगला की त्याचे शंभर रूबलही गेले.

ते जवळजवळ गेलेच. जुन्नरचा सुभेदार असदखान, बहमनी वजीर महमूद गावानचा माणूस. घोडेवाला मुसलमान नाही, रशियन आहे, हे कळताच त्याने घोडा जप्त केला. अट अशी की इस्लाम स्वीकार, म्हणजे घोडा परत आणि वर हजार मोहरा. नाही तर घोडाही ठेवीन आणि हजार मोहरांचा दंडही घेईन. चार दिवसांची मुदत. मुदत संपायच्या आत मुहम्मद नावाचा एक खोरासानी अधिकारी आला, निकितिनने त्याचे पाय धरले, त्याने खानाकडे रदबदली केली आणि घोडा सुटला. ज्या धर्मात यायला बळजबरी चालली होती त्याच धर्माच्या माणसाने सोडवलं. निकितिन मात्र याचं सगळं श्रेय प्रभूला देतो. पुढे घोडा विकला गेला तो बिदरला, नाताळच्या सुमारास. वर्षभर पोसल्यावर. फायदा किती झाला ते तो सांगत नाही. माल मात्र आपल्या देशात खपेल असा इथे काहीच नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त, आणि जकात जबर, अशी त्याची तक्रार आहे.

बिदरला हत्तींच्या मिरवणुका आणि महालाचे सात दरवाजे त्याने पाहिले. दरवाजावर येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे कारकून होते. महमूद गावानच्या पंगतीला रोज पाचशे माणसं जेवत. हे दरबारी वर्णन इतर प्रवाशांकडेही सापडतं, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. तोवर तो खोजा युसूफ खोरासानी या नावाने वावरत होता. बिदरला हिंदूंशी ओळख झाल्यावर त्याने सांगून टाकलं की आपण मुसलमान नाही, ख्रिस्ती आहोत, नाव अफानासी. त्यानंतर, तो म्हणतो, ते माझ्यापासून जेवण, व्यवहार, पूजा, बायका काही लपवेनात. म्हणजे आधी लपवत होते. या एका वाक्यामागे केवढा संसार आहे! मुसलमानाची नजर पडली तर अन्न टाकून द्यायचं, म्हणून कापडाच्या आडोशाने जेवायचं. प्रवासात प्रत्येकाचं मडकं वेगळं आणि प्रत्येकाची चूल वेगळी. जेवायच्या आधी हातपाय धुणं, चूळ भरणं. उजव्या हाताने खाणं, चमचा नाही, सुरी नाही. गोवऱ्यांवर भाकऱ्या भाजणं आणि तीच राख कपाळाला लावणं. भेटल्यावर एक शब्द न बोलता वाकून दोन्ही हात जमिनीला टेकवणं. शिवाशिवीच्या या जगात परका असणं हेच त्याला उपयोगी पडलं. तो कुणाच्याच पंक्तीतला नव्हता.

या मित्रांबरोबर तो शिवरात्रीला श्रीशैलला गेला. त्याने त्याला हिंदूंचं जेरुसलेम म्हटलंय, आणि पुढच्याच दमात मक्का. नंदी त्याला दिसला तो सोन्याने मढवलेला काळ्या दगडाचा बैल. लोक त्याच्या खुराचं चुंबन घेत होते, फुलं वाहत होते. शेपटीची, हात उंचावलेली एक मूर्ती बघून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन सम्राट आठवला. उपमा हुकली, पण डोळे नीट उघडे होते.

सगळंच विश्वासाने घ्यावं असं नाही. प्रवाशांच्या उताऱ्यावर घरमालकिणी स्वयंपाक करतात, अंथरूण घालतात आणि पाहुण्याबरोबर झोपतात, असं तो बेधडक लिहितो. बंदराच्या वाटेवरच्या मुक्कामांत जे दिसलं ते त्याने अख्ख्या देशाच्या नावावर टाकलं असणार. ही सवय पुढच्या गोऱ्या प्रवाशांनीही भरपूर जोपासली. 1957 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी या प्रवासावर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला, त्यात नर्गिसबरोबर त्याचं प्रेम जुळवलं. वहीत प्रेमाचा मागमूस नाही. आहे ती पैशाची विवंचना आणि उपास चुकल्याची टोचणी. शेवटी शेवटी त्याची प्रार्थनाही रशियन, तुर्की, फारसी आणि अरबीची भेसळ होऊन बसते. त्या भेसळीतच तो म्हणतो की रशियासारखा मुलूख नाही, जरी तिथले सरदार अन्यायी असले तरी. तुर्कीत लिहिलं म्हणजे त्वेरच्या सरदारांना कळणार नाही, असा हिशेब त्यामागे असावा असं मला वाटतं.

परतताना दाभोळला जहाज धरलं, दोन मोहरा भाडं. वाऱ्याने ते हबशांच्या किनाऱ्यावर नेऊन टाकलं, आणि लूट होऊ नये म्हणून तांदूळ, मिरी, भाकऱ्या वाटून सुटका करून घ्यावी लागली. इराण, काळा समुद्र, काफा, इथवर आला. त्वेर काही गाठता आलं नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. वही व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेली आणि 1475 मध्ये ती वासिली मामिरेव या राजदरबारी कारकुनाच्या हाती पडली. त्यानंतर ती बखरीत उतरवली गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिनला एका मठाच्या ग्रंथसंग्रहात सापडेपर्यंत तिथेच पडून होती.