चला साल्हेरला!

मित्रांनो, इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत हिवाळ्यात बर्फावरून घसरायला, म्हणजे स्कीइंगला, आणि उन्हाळ्यात भटकंतीला जगभरचे पाहुणे येतात. तिथल्या काही खोऱ्यांत लादिन भाषा बोलतात. बोलणारे जेमतेम ३० हजार! तरी काही खोऱ्यांतल्या शाळांत मुलं इटालियन, जर्मनबरोबर लादिनही शिकतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात बर्फ नाही, पण बागलाणात साल्हेर आहे! उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, ते याच्याच परिसरात. डोलोमाइट २००९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, साल्हेर २०२५ मध्ये.

सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत पायथ्याच्या साल्हेरवाडीला पोहोचा. जायचं ते पाऊस सरल्यावर. पावसाळ्यात खडकात कोरलेल्या पायऱ्या निसरड्या होतात. पाणी भरपूर घ्या. वर गुहा, गंगासागर तलाव आणि अगदी टोकावर परशुरामाचं देऊळ. तिथे टोपी सांभाळा, वारा उडवून नेतो!

बागलाणात अहिराणी कानावर पडेल. तिच्यात 'मला' म्हणजे 'माले', 'तुला' म्हणजे 'तुले'. डोंगरातल्या पाड्यांवर कोकणा लोकांची बोली आणखी वेगळी. हसू नका हं! कुणी हसलं, की मुलं घरची बोलीच दडवू लागतात. आईबाबांनो, हे तुम्हालाही सांगतोय. वाटेत एखादे आजोबा भेटले, तर समोरच्या झाडाला, पाखराला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते विचारा, आणि वहीत लिहून घ्या.