गव्हाएवढा चुना आणि घाटाखालचं पाणी

वऱ्हाडात कुणाचं हाड मोडलं, की भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही. केळी नसली तरी एक उपाय तो घेऊन येतोच. गेल्या वर्षी आईचं मनगट मोडलं आणि ती संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझ्याकडे शेगावला राहायला आली. वय अठ्ठ्याहत्तर. गुरुवारी महाराजांचं दर्शन झालं, की गावाकडची माणसं तिला भेटायला यायची आणि प्रत्येकजण काहीतरी सांगून जायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते. सवयीनं हे सगळे उपाय वहीत लिहीत गेले. सहा आठवड्यांत एकोणीस झाले. चुना, तीळ, डिंक, शेवगा, कांडवेल, हळदीचं दूध, कोवळं ऊन, तेलाची मालिश, आणि कुठल्याशा गावी मिळणारी एक पुडी. यातलं खरं काय आणि खोटं काय, एवढाच प्रश्न असता तर लेख लिहायची गरज नव्हती. वही घेऊन बसल्यावर प्रश्न वेगळाच निघाला: हा उपाय कुणासाठी, आणि कुठल्या पाण्यावर वाढलेल्या माणसासाठी?

आधी हाडाविषयी थोडं. हाड दगडासारखं निर्जीव दिसतं, पण ते आयुष्यभर मोडत आणि नव्यानं बांधलं जात असतं. तिशीपर्यंत बांधकाम जास्त, पुढे हळूहळू मोडतोड जास्त. बाईची पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तर ही झीज फार वेगानं होते. हाड आतून विरळ होतं, त्याला अस्थिविरलता म्हणतात. ती दुखत नाही, सुजत नाही, म्हणून कळत नाही. साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर तो हाडांनी धाडलेला पहिला निरोप समजायचा. पुढचा निरोप अनेकदा खुब्याचा असतो. मनगट जोडलं जातं. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर तो मालिशीनं किंवा हाडवैद्याच्या पट्टीनं जुळून येत नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला रक्तपुरवठा बेताचाच असतो आणि मोडल्यावर तोही तुटू शकतो. तिथे शस्त्रक्रिया लवकर झाली तरच माणूस पुन्हा चालतो. म्हणून मनगटानंतरचे महिने मोलाचे. सगळे उपाय तेव्हाच करायचे असतात.

आता वहीतला पहिला उपाय. तो सर्वांत जास्त वेळा सांगितला गेला: "माय, गव्हाच्या दान्याएवढा चुना दह्यात कालवून खात जाय. हाडं लोखंडावानी व्हतीन." चुन्यात कॅल्शियम असतं, हे खरंच आहे. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या वजनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग, सुमारे ५४ टक्के, कॅल्शियम असतो. गव्हाच्या दाण्याचं वजन साधारण ४० मिलिग्रॅम. तेवढ्याच वजनाचा कोरडा चुना धरला, तरी हाती येतं वीस-बावीस मिलिग्रॅम कॅल्शियम. आईच्या वयाच्या बाईला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. म्हणजे गव्हाएवढ्या चुन्यातून मिळतं ते तीन-चार लहान चमचे दुधातही असतं. गंमत अशी, की तो चुना ज्या वाटीभर दह्यात कालवायचा, त्या दह्यात सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम आधीच असतं. या उपायात काम करतं ते दही. नाव मात्र चुन्याचं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर चुना निरुपद्रवी म्हणून सोडून देता आला असता. पण फरक दिसत नाही म्हटल्यावर माणूस गव्हाचा दाणा सोडून हरभऱ्यावर जातो. सोबत बाजारातल्या कॅल्शियमच्या गोळ्या चालूच असतात. जास्तीचं कॅल्शियम आणि जास्तीचा अल्कली एकत्र पोटात जात राहिले, की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. विडा-सुपारीसोबत भरपूर चुना खाणाऱ्यांमध्ये असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

आणि इथे आमच्या जिल्ह्याचा भूगोल आडवा येतो. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आम्ही बोलतानाच करतो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे घाटावर. घाट उतरून पूर्णेच्या खोऱ्यात आलं, की मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांत खारपाणपट्टा लागतो. तो पुढे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरला आहे. गाळाच्या काळ्या जमिनीत खोलवर क्षार, म्हणून विहिरीचं, बोअरचं पाणी खारट. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा पर्यायच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक आहे. या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी हा आकडा ओलांडतात. वान धरणाचं पाणी नळानं अनेक गावांत आलं ते अलीकडे. आईच्या पिढीचं सारं आयुष्य खाऱ्या पाण्यावर गेलं. मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी या भागात वर्षानुवर्षं आहेत. त्यात खाऱ्या पाण्याचा वाटा किती, वेदनाशामक गोळ्यांचा किती, मधुमेह आणि रक्तदाबाचा किती, हा वाद वेगळा. घरात म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यानं एवढंच लक्षात ठेवायचं, की इथे मूत्रपिंड धडधाकट आहे असं गृहीत धरता येत नाही.

हाड आणि मूत्रपिंड यांचं नातं जवळचं आहे. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं, यकृतात एकदा बदलतं आणि मूत्रपिंडात दुसऱ्यांदा बदलून कामाचं होतं. ते झालं तरच आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट उचलतं. मूत्रपिंड थकलं, की हे शेवटचं पाऊल अडतं. फॉस्फरस साचतो, गळ्याजवळच्या ग्रंथी जागा होतात आणि रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी हाडातला साठा उपसू लागतात. अशा माणसाला चुना भरवणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतत राहणं, आणि वर टाकीलाच तडा देणं. आईच्या रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. त्या एका आकड्यानं वहीतल्या एकोणीस उपायांचा क्रम बदलला. ही तपासणी तालुक्याच्या गावीही होते, स्वस्त आहे, आणि कुठल्याही नैसर्गिक उपायाच्या आधी करायची आहे.

चुन्याची शिफारस बहुधा आयुर्वेदाच्या नावानं होते, म्हणून सुश्रुतसंहितेतला भग्नचिकित्सेचा अध्याय मुद्दाम पाहिला. हाड मोडलेल्यानं काय टाळावं याची यादी तिथे आहे, आणि तीत मीठ आणि क्षार ही दोन्ही नावं आहेत. खायला काय द्यावं, तर साळीचा भात, दूध, तूप, मांसरस, वाटाण्याचं कढण. म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनं आणि कॅल्शियम. टाळायच्या यादीत आंबट आणि ऊनही आहे, त्यामुळे ती जशीच्या तशी आज घेता येणार नाही. पण मिठाबद्दल आजचं शरीरशास्त्रही तेच सांगतं: मीठ जास्त गेलं, की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. सुश्रुतानं आणखी एक सांगून ठेवलंय. लहान वयात सांधा महिन्यात घट्ट होतो, मध्यम वयात दुप्पट काळ लागतो, म्हातारपणी तिप्पट. "अजून कसं जुळलं नाही?" म्हणून रोज नवा उपाय करणाऱ्या घरानं हे वाक्य भिंतीवर लावावं.

खाण्याच्या उपायांत आपलं स्वयंपाकघर समृद्ध आहे, फक्त हिशेब नीट मांडायला हवा. तीळ आकड्यांत सर्वांना मागे टाकतात: १०० ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम. पण ते बरंचसं सालीत असतं आणि ऑक्झलेटशी बांधलेलं असतं, म्हणून सगळं अंगी लागत नाही. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर ते फारच कमी उरतं. तरी भाकरीसोबत रोज चमचाभर तिळाची चटणी चांगलीच, मीठ बेतानं घालून. डिंकाच्या लाडवात डिंकाचा वाटा समजतो तेवढा नाही. तो मुख्यतः तंतू आहे. ताकद येते ती खारीक, खोबरं, गोडंबी आणि तुपातून. भूक मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसाला लहान लाडवातून बऱ्याच उष्मांकांची सोय होते, हा त्याचा खरा गुण. मधुमेह असेल तर गुळाचा विचार करावा. शेवग्याच्या ताज्या पाल्यात १०० ग्रॅमला तीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि तो फुकट मिळतो. पण मूत्रपिंड बरंच अशक्त असेल, तर पालेभाज्यांतलं पोटॅशियमही डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं.

जे कुणी सांगितलं नाही ते प्रथिनांचं. हाडाचा सांगाडा प्रथिनाचा असतो. कॅल्शियम त्यात भरलं जातं. आमच्या म्हाताऱ्या बाया काय जेवतात? अर्धी भाकर, पाणीदार वरण, आणि गुरुवार, एकादशीला साबुदाणा, ज्यात ना प्रथिन ना कॅल्शियम. याच जिल्ह्यात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि मार्केटला जातं. आईचा उपास मी मोडला नाही. त्या दिवशी साबुदाण्याच्या जागी दूध, दही आणि राजगिरा आला. महाराजांचीही हरकत नसावी. मूत्रपिंड थकलेलं असल्यानं प्रथिनं किती, हे मात्र डॉक्टरांकडून ठरवून घेतलं.

कांडवेल हा वहीतला सर्वांत कुतूहलाचा उपाय. चौकोनी कांड्यांची ही वेल कुंपणावर चढते. संस्कृतात तिचं नावच अस्थिशृंखला, म्हणजे हाडांची साखळी. बनारस हिंदू विद्यापीठातले शल्यविशारद के. एन. उडुपा आणि जी. सी. प्रसाद यांनी १९६४ च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून, तिनं मोडलेलं हाड लवकर जुळतं असं दाखवलं. तेव्हा ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. पण ताजं हाड जुळणं वेगळं आणि पंचवीस वर्षं विरळ होत आलेलं हाड पुन्हा भरून येणं वेगळं. शिवाय वेलीत ऑक्झलेटच्या सुया असतात, म्हणून कच्ची खाल्ली की घसा खाजतो. तमिळ घरांत तिची चटणी चिंच घालून करतात ती त्यासाठीच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला रोज तिचा रस देणं मला पटलं नाही.

कोवळं ऊन अंगाला गोड लागतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्यात फारच थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन उपयोगाचं. घाटाखाली उन्हाळ्यात त्या वेळी बाहेर बसणं म्हणजे आजाराला बोलावणं. हिवाळ्यात मात्र अकरा ते एक या वेळात, हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसता येतं. तरीही म्हातारी त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्यानंही ड जीवनसत्त्व बनवत नाही. म्हणून बहुतेकांना ते औषधातून घ्यावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. ते औषध बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीवर अतिनील किरण पाडून बनवतात; नैसर्गिक आणि कृत्रिम यांतली रेघ वाटते तेवढी ठळक नसते. आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तितकेच आठवडे घ्यायची. आपल्या मनानं वर्षभर घेतली तर तीही विष होते.

पुडीवरून आठवलं. सांधेदुखीच्या "जडीबुटी" पुडीनं दोन दिवसांत दुखणं पळालं, तर आनंदाऐवजी संशय यावा. अशा चूर्णांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. स्टेरॉइड दीर्घकाळ घेणं हे हाड विरळ होण्याचं मोठं कारण आहे आणि वेदनाशामकं मूत्रपिंडाला मारक. चेहरा गोल होऊ लागला, साखर वाढली, कातडी पातळ झाली, तर पुडी दाखवायला डॉक्टरांकडे न्यावी. ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

मालिशीनं तेल हाडापर्यंत जात नाही. पण रोज कुणीतरी आईचे पाय हातात घेतं, सूज, जखम, दुखरी जागा त्याला आधी कळते. हा उपाय मी चालू ठेवला.

आणि जो उपाय वहीत नव्हता, तोच सर्वांत मोठा. विरळ हाडसुद्धा बहुधा पडल्याशिवाय मोडत नाही. म्हणून खाट ते संडास या वाटेवर रात्रभर दिवा, ओल्या फरशीवर घसरत नाही असा जाड पट्टा, उंबऱ्याशी पकडायला दांडी, गुळगुळीत झालेल्या चपलेला निरोप, मोतीबिंदूची तपासणी, चक्कर आणणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीची चौकशी. आणि दिवसातून दहा वेळा हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं. सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहून. पायांत बळ आलं की तोल सावरतो. याला ना पाला लागतो ना पैसा. लागतं ते रोज शेजारी उभं राहणारं माणूस.

ते माणूस घरोघरी बहुधा सून असते किंवा लेक, वय पंचेचाळीस ते पंचावन्न. म्हणजे जिची स्वतःची हाडं याच वर्षांत सर्वांत वेगानं झिजतायत ती. सासूसाठी दूध आटवते, स्वतः चहावर असते. खाऱ्या गावांत अजूनही गोड्या पाण्याचा हंडा तीच उचलते. मी त्याच वयात आहे. आता ताट वाढताना दह्याच्या वाट्या दोन घेते.